लेकरू सांगायला आलं पाहिजे

शेतातून आत्ताच घरी आलेल्या, अजून भाकरी थापत असलेल्या, आणि ज्यांचा फोन या वेळेला पोरांच्या हातात आहे म्हणून शेजारणीकडे बसून हा कार्यक्रम ऐकत आहेत, त्या सगळ्यांना नमस्कार. मी बचत गटांची समन्वयक. तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला हप्तेवाली ताई म्हणूनच ओळखतात. आज मुलं आणि इंटरनेट या विषयावर बोलायचं आहे, हप्त्याचं काही काढायचं नाही असं ठरवून आले होते. पण गोष्ट सुरू होते ती हप्त्यापासूनच.

एका गटाची बैठक होती. महिन्याची बचत गोळा करून कोषाध्यक्ष ताईंकडे दिलेली, दुसऱ्या दिवशी बँकेत भरायची. मोजली तर सातशे रुपये कमी. चूक झाली असेल म्हणून त्यांनी आपल्या पदरचे घातले. पुढच्या महिन्यात पुन्हा पाचशे कमी. मी रजिस्टर उघडलं आणि सगळ्या बायकांसमोर त्यांना हिशोब विचारला. त्या एवढंच म्हणाल्या, "मी भरून देतो ताई." आणि मान खाली घालून बसल्या. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणाला वाटलं नवऱ्यानं दारूत घातले, कोणाला वाटलं हिनंच उचलले. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं.

आठ दिवसांनी रात्री त्या माझ्या घरी आल्या, सोबत त्यांची मुलगी. शाळेत शिकणारी, हुशार पोरगी. त्या माय-लेकींना विचारूनच हे सांगते आहे, आणि ओळख पटेल असं सगळं वगळलं आहे. तेव्हा कोणत्या गावची, कोणाची, हे शोधत बसू नका.

मोबाइलवर गेम खेळताना तिची एकाशी ओळख झाली. त्या गेममध्ये एकमेकांशी बोलता येतं, लिहिता येतं. तो म्हणाला, मी पण अकोल्याकडचाच, अकरावीत आहे. वऱ्हाडी बोलायचा म्हणे, म्हणून तिला खरं वाटलं. दोन महिने नुसत्या गप्पा. अभ्यास झाला का, जेवलीस का. घरात तिला असं विचारायला कोणाला वेळ होता? मग त्यानं फोटो मागितला. साधा. मग अजून एक. मग जो मागायला नको तो. आणि तो मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याची भाषा बदलली: पैसे टाक, नाही तर हा फोटो तुझ्या बापाला आणि शाळेच्या ग्रुपवर टाकतो. पोरीजवळ पैसे कुठले? आईच्या पिशवीतले गटाचे पैसे तिनं काढले, दुकानात रोख दिले आणि दुकानदाराला त्या नंबरवर टाकायला सांगितलं. दोनदा. तिसऱ्यांदा त्यानं तीन हजार मागितले, तेव्हा ती कोलमडली.

मी तिला विचारलं, "माय, पहिल्याच दिवशी आईले काऊन नाई सांगतलं?"

ती म्हणाली, "सांगतलं असतं तं शाळा सुटली असती."

या विषयावर मी त्याआधी चार गावांत बोलले होते. अनोळखी माणसाशी बोलू नका, फोटो पाठवू नका, पासवर्ड सांगू नका. सगळं बरोबरच होतं. पण या पोरीला ते सगळं माहीत होतं. तिच्या शाळेतही सांगितलं होतं. जे माहीत नव्हतं ते हे, की चूक झाली तर घरी काय होईल. किंबहुना ते तिला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच ती गप्प बसली. आपल्याकडे गावातून तालुक्याला एस.टी.नं शाळेत जाणाऱ्या पोरीचं शिक्षण किती बारीक दोरीवर लटकलेलं असतं, ते तुम्ही मी जाणतो. वाटेत कोणी छेडलं तर छेडणाऱ्याचं काही होत नाही, पोरीची शाळा बंद होते. पाठोपाठ पाहुणे यायला लागतात. त्या माणसानं तिला कशाचा धाक घातला? चाकूचा नाही, पोलिसांचा नाही. "तुझ्या बापाला सांगतो" याचा. म्हणजे त्याचं हत्यार आपल्याच घरातलं होतं बाया हो.

आता हप्त्याचं पाहा. एखादीचा हप्ता थकला की ती पहिलं काय करते? बैठकीला येणं बंद करते. अशा वेळी गटातल्या बायका तिच्या दारात जाऊन ओरडल्या, तर ती दुसरीकडून, दामदुपटीनं, कर्ज काढते आणि अजून खोल जाते. आणि दोघी जणी शांतपणे घरी गेल्या, "काय अडचण हाय ते सांग" म्हणाल्या, तर ती परत येते, हप्ते पाडून देते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे ही आपली पंचसूत्री आपण पाठ म्हणतो, पण गट टिकतो तो अडलेली बाई बैठकीला यायला घाबरत नाही म्हणून. लेकराचंही अगदी असंच आहे. ते अडलं की लपतं. आणि लपलं की समोरचा त्याला अजून खोल ओढतो.

हा फोन आपल्या घरात आला कसा, तेही आठवा. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि अभ्यास व्हॉट्सअॅपवर यायला लागला. पुढच्या वर्षी तर राज्यात बाकी ठिकाणी सगळं सुरळीत होत असताना अमरावती शहरात आणि अचलपुरात २२ फेब्रुवारी २०२१ पासून पुन्हा टाळेबंदी लागली होती. कोणी सोयाबीनच्या पैशातून, कोणी गटातून कर्ज काढून मोबाइल घेतला. मी स्वतः अशा कर्जाच्या अर्जांवर सह्या केल्या आहेत. कारणाच्या रकान्यात आम्ही लिहायचो "मुलांचे शिक्षण". शाळा उघडल्या, पण फोन घरातच राहिला. आपल्या धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्येच डिजिटल गाव म्हणून देशभर गाजलं होतं. मेळघाटात जे पोचलं ते आता कोणाच्याच घरी पोचायचं राहिलेलं नाही.

मग काय करायचं? काही गावांनी आपापल्या परीनं करून पाहिलं. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यात बान्सी नावाचं गाव आहे, आपल्या वऱ्हाडातलंच. तिथल्या ग्रामपंचायतीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव केला की अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही. कोविडमध्ये अभ्यासासाठी हाती दिलेला फोन मुलं गेमसाठी आणि नको ते पाहण्यासाठी वापरू लागली, असं त्यामागचं कारण होतं. ठराव करणाऱ्यांची तळमळ मला समजते. मीही आई आहे. पण माझ्या मनात एक प्रश्न राहतो. ज्या घरात फोनला हात लावायलाच बंदी आहे, तिथं चोरून फोन पाहिलेल्या पोरीला धमकी आली, तर ती कोणाला सांगेल? आधीच एक गुन्हा केलेला, त्यावर हा दुसरा.

दुसरं गाव सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. तिथं ऑगस्ट २०२२ मध्ये बायकांची बैठक घेऊन भोंगा बसवायचं ठरलं. रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघर टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक सुरुवातीला दारोदार फिरले, लोकांना समजावलं. मला यातली एक गोष्ट फार आवडते. तिथं फोन फक्त पोरांचा बंद होत नाही, मोठ्यांचाही होतो. आपल्याकडे काय होतं? बाप बाजेवर पडून रील पाहतो, माय सिरियल पाहते, आणि दोघं मिळून पोराला म्हणतात, "ठेव तो मोबाइल, अभ्यास कर." पोट्टे काय आंधळे आहेत का?

भोंगा नसला तरी चालेल. त्या दीड तासात लेकरू आपल्याजवळ बसतं, ते महत्त्वाचं. शेंगा सोलता सोलता, मेथी निवडता निवडता पोरं जे बोलतात ते "बस इथं, मला खरं खरं सांग" म्हटलं की कधीच बोलत नाहीत.

आणखी एक उदाहरण मोठ्या घरचं देते, म्हणजे हे आपल्याच गरिबांच्या पोरांना होतं असा समज राहणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत पोलिसांच्या सायबर जागरूकता महिन्याच्या कार्यक्रमात अभिनेता अक्षय कुमार यांनी आपल्या घरातली गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. त्यांची मुलगी अनोळखी माणसाबरोबर ऑनलाइन गेम खेळत होती. समोरच्यानं आधी विचारलं, तू मुलगा की मुलगी? मुलगी म्हटल्यावर त्यानं थेट नग्न फोटो मागितला. तिनं सगळं बंद केलं आणि जाऊन आईला सांगितलं. एवढीच गोष्ट. त्या घरात पैसा आहे, पहारेकरी आहेत, पण पोरीला वाचवलं ते आईकडे जाण्याच्या त्या चार पावलांनी. आमच्या पोरीलाही तीच चार पावलं टाकायची होती. आई चुलीपाशीच होती.

आता थोडं कामाचं. फोनमधल्या सोयींबद्दल जे सांगितलं जातं ते बहुधा ज्या घरात मुलाचा फोन वेगळा असतो त्यांच्यासाठी असतं. तसा असेल तर गूगलचं फॅमिली लिंक नावाचं ॲप फुकट आहे. मुलानं कोणतं ॲप घ्यायचं, किती वेळ पाहायचं, हे त्यातून आपल्या फोनवरून ठरवता येतं. पण आपल्याकडे एकच फोन. दिवसा तो बापाच्या खिशात, संध्याकाळी पोरांच्या हातात. बापानं जे पाहिलं त्याच जातीचं युट्यूब पोराला दाखवतं, हे पुष्कळ जणींना माहीतच नसतं. म्हणून लहान लेकराला युट्यूब किड्स वेगळं टाकून द्या. आणि ॲप पिन किंवा स्क्रीन पिन नावाची एक सोय बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सुरक्षेच्या सेटिंगमध्ये असते. ती लावली की लेकरू तेवढ्याच एका ॲपमध्ये राहतं, आपला पिन टाकल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. म्हणजे मुलगी दीक्षावर धडा पाहते आहे तर धडाच दिसेल.

व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी म्हणून आहे, त्यात ग्रुप. तिथं "माझे संपर्क" निवडा. मग अनोळखी माणूस उचलून कोणत्याही ग्रुपात टाकू शकत नाही. डीपी कोणाला दिसावा तेही तिथंच. मुलीचं इन्स्टाग्राम असेल तर वय खरं टाकलेलं आहे का ते पाहा. तेरा वर्षांखाली ते वापरताच येत नाही, आणि त्यापुढच्या मुलांचं खरं वय टाकलं तर खातं आपोआप खाजगी राहतं. पोरं अठरा-वीस टाकतात आणि मग ते कुंपण निघून जातं.

इंग्रजी येत नाही म्हणून घाबरू नका. फोनची भाषा मराठी करता येते. आणि ते जमलं नाही तर लेकरालाच सांगा, "हे मले शिकव." पोरं फुशारून शिकवतात. तेवढ्यात ते काय पाहतात, कोणाशी बोलतात हे तुम्हाला झडती न घेता कळतं. रात्री झोपल्यावर गुपचूप फोन तपासणाऱ्या आयाही मला माहीत आहेत. एकदा पकडलं गेलं की लेकरू दुसऱ्या दिवशी सगळं पुसून ठेवायला शिकतं, मग काय तपासाल?

आपल्या स्वतःच्या एका सवयीबद्दल बोलायचं आहे. तान्ह्या पोळ्याला नटवलेलं लेकरू, शाळेच्या पहिल्या दिवशी गणवेशात उभी मुलगी, बॅजवर शाळेचं नाव, मागं घराची पाटी. फोटो काढला की लगेच स्टेटसला. आपल्याला वाटतं आपलेच लोक पाहतात. संपर्कात कृषी केंद्रवाल्यापासून बोअरवेलवाल्यापर्यंत सगळे असतात ना बाई! नाव, शाळा, गाव, वाढदिवस, सगळं आपणच वाटून देतो, आणि मुलीला सांगतो अनोळखी माणसाला माहिती देऊ नको.

पोरांना काही होत नाही असं समजू नका. मुलीच्या नावानं खोटं खातं काढून मुलांनाही असंच फसवतात. आणि मुलं तर सांगतच नाहीत, बापाचा मार आठवतो. पैसे लावून खेळायच्या गेमचं वेगळंच. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं त्यावर बंदीचा कायदा केला, तरी लिंका फिरतच असतात. फोनपेचा पिन पोराला सांगू नका, आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, एवढं घरात सगळ्यांना पाठ असू द्या.

आता घडलंच तर काय? त्या रात्री मला जे माहीत होतं आणि जे नंतर शिकले, ते सांगते. पैसे द्यायचे नाहीत. दिल्यानं सुटका होत नाही, आकडा वाढतो. चॅट पुसायचं नाही. धमकीचे निरोप, नंबर, खात्याचं नाव, पैसे टाकल्याची पावती यांचे स्क्रीनशॉट ठेवायचे, मग त्याला ब्लॉक करायचं. पण तो फोटो पुरावा म्हणून मामाला, काकाला, सरांना पाठवू नका. अल्पवयीन मुलाचा असा फोटो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी ते पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. लेकरासाठी १०९८ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर बायका-मुलांबाबतची अशी तक्रार नाव न देताही करता येते. आणि टेक इट डाउन नावाची एक फुकट सेवा आहे. त्यात फोटो पाठवावा लागत नाही, तो आपल्याच फोनमध्ये राहतो. त्याचा हाताच्या ठशासारखा एक आकडा तयार होतो आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सामील कंपन्या त्या आकड्यावरून फोटो ओळखून काढून टाकतात.

पोलिसांचं नाव काढलं की आपले पाय गळतात. पोरीला ठाण्यात बसवतील, पेपरात येईल. २०१२ च्या पोक्सो कायद्यात याचा विचार केलेला आहे. लेकराचा जबाब त्याच्या घरी किंवा ते म्हणेल तिथं घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेश घालून नाही. रात्री लेकराला ठाण्यात ठेवता येत नाही. नाव, फोटो, शाळा, काहीही छापता येत नाही. हा कायदा मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे. हे तुम्हाला माहीत असलं म्हणजे समोरचा चुकला तर तुम्हाला तसं म्हणता येतं.

आम्ही दुसऱ्या दिवशी जिल्ह्याला सायबर पोलीस ठाण्यात गेलो, ती ताई, पोरगी आणि मी. नंतर एक महिला अधिकारी साध्या साडीत त्यांच्या घरी आल्या, चहा घेतला, दोन तास बसल्या. शेजारी म्हणाले बचत गटाच्या मॅडम असतील. तो नंबर दुसऱ्याच कोणाच्या नावावर निघाला. तो माणूस कोण, हे अजून कळलेलं नाही. फोटोही कुठं आला नाही, आजपर्यंत तरी.

बापाला तीन दिवसांनी सांगितलं. तो काहीच बोलला नाही, उठून शेतात गेला. संध्याकाळी येऊन म्हणाला, "फोन विकून टाका, अन् हिची शाळा बंद." त्या ताईंनी, ज्यांनी बैठकीत माझ्यासमोर मान वर केली नव्हती, नवऱ्याला उत्तर दिलं, "फोन विकू. शाळा नाई." पोरगी शाळेत जाते आहे.

मी पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर त्या ताईंची माफी मागितली. पैशाचा हिशोब चुकीचा समजला, एवढंच म्हटलं. कारण सांगितलं नाही. बायकांना काय वाटायचं ते वाटो.

आणि माझ्या घरचंही सांगून टाकते. माझा मुलगा आठवीत आहे. त्याला मी शब्द दिला होता की काहीही झालं तरी सांगितल्याबद्दल शिक्षा नाही, फोन हिसकावणार नाही. महिनाभरानं तो आला आणि म्हणाला, "आई, एक लिंक दाबली, रिचार्जसाठी ठेवलेले तीनशे गेले." माझा हात वर गेला होता. शब्द आठवला म्हणून खाली घेतला. फार अवघड गेलं मला ते, तुम्हालाही जाईल.

आपल्या गटांच्या पुढच्या बैठकीत हिशोब झाल्यावर अर्धा तास आपण या सेटिंगसाठी ठेवला आहे. फोन चार्ज करून आणा. ज्यांच्या घरी मोठी मुलगी किंवा मुलगा आहे त्यांनी त्यांनाही आणा, लावून तेच देतील, आपण पाहू. आणि नंबर लिहून घ्या, पुन्हा सांगते: पैशासाठी १९३०, लेकरासाठी १०९८. चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहिला तरी चालेल. येते मैत्रिणींनो, नमस्कार.